निरंकसाहेबांची तपासणी

आमच्या सेक्शनमध्ये त्यांना तोंडावर साहेब म्हणत आणि पाठीमागे निरंक. हे नाव ऑडिटमुळे पडलं. दरवर्षी बाहेरचे ऑडिटर येऊन आमची कपाटं उपसायचे, व्हाउचरं उलटीपालटी करायचे, चहाचं मशीन रिकामं करायचे आणि शेवटी अहवालात ‘आक्षेप’ या शब्दापुढे त्यांना निमूटपणे ‘निरंक’ लिहावं लागायचं. म्हणजे काही नाही, शून्य. खरेदी विभागाच्या नावाने पानंच्या पानं भरलेली असायची, स्टोअरवाल्यांची तर दरवर्षी शोभा व्हायची, आणि आमचे साहेब तो अहवाल दोन बोटांत धरून मजल्यावर एक फेरी मारायचे. वर्षातली त्यांची ती एकच फेरी. एरवी ते खुर्चीतून उठत नसत.

मी शेजारच्या टेबलावर. आमच्यामध्ये एक कपाट आणि एक कुंडी, तीही प्लास्टिकच्या झाडाची. आमची कंपनी पाण्याचे पाइप करायची. कारखाना लांब, शहराबाहेर. आम्ही कागदवाले चौथ्या मजल्यावर, कधीच न उघडणाऱ्या काचांच्या आत, दिवसभर ट्यूबलाइटखाली. आपण ज्यांचे पैसे मोजतो ते पाइप मी स्वतः एकदाच पाहिले, तेही रस्ता खणला होता तेव्हा.

साहेबांच्या खुर्चीत त्यांच्याच आकाराचा खळगा पडला होता. दुसरं कुणी चुकून बसलं तर ते एका बाजूला कलायचं. प्रिंटर पलीकडच्या भिंतीशी, म्हणून कागद कुणीतरी आणून द्यायचं. जेवण टेबलावरच, एका हातात चमचा आणि दुसऱ्या हातात माउस. पाण्याची बाटली सकाळी भरून ठेवायचे आणि संध्याकाळी ती तशीच भरलेली असायची, कारण पाणी प्यायलं की उठावं लागतं. चहा मात्र चालायचा. मशीनचा चहा मुळातच गोड, त्यात हे वरून साखरेच्या दोन पुड्या ओतायचे. आणि त्यांचा खालचा ड्रॉवर! बिस्किटं, वेफर्स, खारे दाणे, चॉकलेटं. वर्षअखेरीच्या दिवसांत अख्खं सेक्शन त्या ड्रॉवरवर जगायचं. मीही जगले, उगाच सोवळेपणा कशाला दाखवू.

लग्न त्यांनी केलं नाही. आई-वडील लवकर गेले आणि मागे धाकटी बहीण राहिली, तिला त्यांनीच वाढवलं. ती लहान असताना एका तापात तिच्या दोन्ही किडन्या अर्ध्यामुर्ध्या झाल्या होत्या. तापातल्या बहिणीला पाठुंगळीला मारून त्यांनी दवाखाना गाठला होता, हे मला त्यांनी नाही, बहिणीने सांगितलं. तेव्हाच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की सांभाळून राहिली तर बरीच वर्षं निघतील, पण कधीतरी दुसऱ्याची किडनी लावायची वेळ येईल. हे तेव्हा जेमतेम मिसरूड फुटलेले. म्हणाले, “मग माझी घ्या. एक तिचीच समजा.” आणि बोलले ते बोलले. तिचं लग्न झालं, तिला मुलगी झाली, तरी ते शब्द तसेच उभे होते. त्यांच्या भाषेत ते म्हणायचे, “तुझी एक माझ्याकडे राखीव आहे.”

ही बहीण कपडे शिवायची. माझे कपडे तिच्याकडे असायचे, त्यामुळे माझी तिच्याशी साहेबांना वगळूनही ओळख होती. मी तिला ताई म्हणायची आणि तीही मला ताईच म्हणायची. दोघी एका वयाच्या, त्यामुळे मागे कुणीच हटत नव्हतं.

आता तपासणीचं सांगते. आमच्या एचआरमध्ये एका उत्साही बाई आल्या. वर्षानुवर्षं बसून काम करणाऱ्यांना साखर, बीपी, चरबी हे सगळं कसं न सांगता येतं यावर त्यांनी एक भाषण दिलं. आम्ही ते बिस्किटं खात ऐकलं. मग त्यांनी दरवर्षी सगळ्यांची आरोग्य तपासणी सुरू केली. इथवर ठीक होतं. पण माणसं नुसत्या तपासणीला येत नाहीत हे पाहून त्यांनी एक ढाल ठेवली. ज्या सेक्शनच्या रिपोर्टांवर सगळ्यांत कमी शेरे, त्याला ढाल आणि बड्या साहेबांबरोबर फोटो.

ढाल म्हटल्यावर आमचे साहेब ताठ झाले. त्यांच्या लेखी हे दुसरं ऑडिटच होतं. आणि ऑडिट कसं पार पाडायचं हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. “मॅडम,” ते मला म्हणाले, “वर्षभर तुम्ही कसे वागलात ते बघायला कुणी येत नाही. ज्या दिवशी येतील त्या दिवशी सगळं जागच्या जागी पाहिजे.”

तपासणीच्या दोन आठवडे आधी सेक्शनमध्ये बंदी जाहीर व्हायची. खालच्या ड्रॉवरला कुलूप. साखर बंद, मीठ कमी, तळलेलं दिसलं तर जप्त. सिगारेट ओढणाऱ्या कॅशियरच्या मागे एक माणूस लावून दिलेला, तो त्याच्यासोबत बाथरूमपर्यंत जायचा. लिफ्ट बंद. साहेब स्वतः चार जिने चढून यायचे, लालबुंद होऊन, आणि वर पोचल्यावर बराच वेळ बोलायचे नाहीत, तेवढीच आम्हाला शांतता. घरी लवकर झोपा, उकडलेलं खा, पाणी प्या. त्या दिवसांत त्यांची बाटली संध्याकाळी रिकामी दिसायची. तपासणीच्या सकाळी मात्र जिना नाही, लिफ्टनेच यायचं आणि आल्यावर डोळे मिटून गप्प बसायचं, म्हणजे बीपी खाली येतं. अख्खं अकाउंट्स सेक्शन डोळे मिटून रांगेत बसलेलं बघून एकदा कुरिअरवाला दबक्या आवाजात मला म्हणाला, “कोण गेलं?”

आणि रक्त देऊन झालं की केक. त्याच टेबलावर, दंडाला कापूस लावलेला असतानाच. मोठा, क्रीमचा. ड्रॉवरचं कुलूप निघायचं, कॅशियर गच्चीकडे पळायचा. तपासणी शनिवारी असायची, म्हणून साहेब आपल्या भाचीलाही केकसाठी घेऊन यायचे. दोन वेण्यांतली, पाय हलवत खुर्चीवर बसणारी ती मुलगी मला आठवते. तिला वाटायचं, ऑफिसात मामाचा वाढदिवस आहे आणि तो दरवर्षी रक्त देऊन साजरा करतात.

ढाल आमच्याकडेच राहिली. फायलींच्या कपाटावर धूळ खात, पण आमच्याच. साहेबांच्या रिपोर्टवर कधी शेरा नाही. साखर काठावर पण आत, बीपी आत, चरबीही आत. ते त्या रिपोर्टची एक प्रत काढायचे आणि रविवारी बहिणीकडे जाऊन तिच्या शिवणयंत्रावर ठेवायचे. “बघ. तुझा माल ठणठणीत आहे.” ती हसायची, कागद घडी करून सुयांच्या डब्याखाली ठेवायची. मला एकदा तिने तो गठ्ठा दाखवला होता. म्हणाली, “लोक विम्याचे कागद जपतात, मी हे जपते.”

मला यात काही वावगं वाटायचं का? कधीकधी हसू यायचं, बस. साहेबांचं पोट टेबलाच्या कडेला टेकायला लागलं होतं ते मला दिसत होतं. नंतर नंतर ते बंदी नसतानाही पाणी प्यायला लागले. बाटलीमागून बाटली. सारखे उठून बाथरूमला जायचे. आम्ही चेष्टा केली, “साहेब सुधारले, बघा कसे चालतायत.” ते म्हणाले, “अहो, तहान फार लागते हल्ली, एसीने घसा सुकतो.” एसीवर आम्ही सगळेच खापर फोडायचो, त्यात हे एक.

मग ताईच्या किडन्यांनी हात टेकले. ज्या वेळेची सगळ्यांना माहिती होती ती आली, तरी घरात धावपळ उडायची ती उडालीच. तिचे पाय सुजले, जेवण नकोसं झालं, यंत्रावर बसता येईना. आठवड्यातून कितीदा तरी हॉस्पिटलात जाऊन डायलिसिसच्या मशीनला जोडून घ्यायचं आणि घरी येऊन दिवसभर पडून राहायचं. नवरा बसचा ड्रायव्हर, त्याचं हृदयाचं ऑपरेशन आधीच झालेलं, त्यामुळे त्याची किडनी घेण्याचा प्रश्नच नव्हता. मुलगी नुकती नोकरीला लागलेली. तिने तोंड उघडायच्या आत ताईने बजावलं, “तुझं नाव काढायचं नाही. पोटच्या पोरीला कापून मला जगायचं नाही. आणि गरजही नाही. दादा आहे.”

दादा होताच. रक्तगट जुळला. पुढच्या तपासण्यांची तारीख मिळाली, आणि साहेबांनी आमच्यासमोर कुलूप काढून ड्रॉवरला लावलं. बंदी जाहीर! पण या वेळी एकट्यासाठी. सेक्शनने त्यांना असा आधार दिला की बोलायची सोय नाही. कुणी घरून उकडलेल्या भाज्या आणायचं, कुणी जिन्यात सोबत करायचं, कॅशियरने तर त्यांच्यासाठी तेवढे दिवस सिगारेट सोडली. तपासणीच्या आदल्या दिवशी सगळे त्यांच्या टेबलाभोवती जमले. साहेब म्हणाले, “काळजी करू नका. आपलं काम चोख असतं.” केक ठरलेला होता. चव कोणती ते भाचीला विचारलं होतं.

रिपोर्ट घ्यायला मी त्यांच्यासोबत गेले, कारण ताईनेच मला फोन केला होता. “ताई, तुम्ही जा बरं त्याच्याबरोबर. तो एकटा गेला तर डॉक्टरांनाच शेरे कसे लिहायचे ते शिकवून येईल.” खोली लहान होती. टेबलावर प्लास्टिकची एक किडनी ठेवली होती, मधोमध उघडणारी. डॉक्टरबाई चष्म्यावरून बघणाऱ्या, शांत. साहेबांनी आधी स्वतःच्या जुन्या रिपोर्टांची फाइल त्यांच्यापुढे ठेवली, वर्षांप्रमाणे लावलेली, पानांना टॅग.

बाईंनी ती चाळली. मग म्हणाल्या, “या सगळ्यांत उपाशीपोटीची साखर आहे. म्हणजे त्या सकाळची. आम्ही वेगळी तपासणी केली. ती रक्तातली गेल्या तीन महिन्यांची साखर सांगते.”

“तीन महिन्यांची?”

“हो. साधारण सरासरी.” त्यांनी कागद फिरवून त्यांच्यापुढे धरला. “तुम्हाला मधुमेह आहे. आजचा नाही, बऱ्याच वर्षांचा असावा.”

साहेबांनी तो आकडा बघितला. मग ते जे बोलले ते मी जन्मात विसरणार नाही. ऑडिटरशी बोलताना असायचा त्याच आवाजात म्हणाले, “पण या तपासणीची आम्हाला आधी सूचना नव्हती.”

बाईंना कळेना, त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी खाली मान घातली. मला हसू येत होतं आणि रडूही, दोन्ही एकदम.

“साहेब, सूचनेचा प्रश्नच नाही,” बाई हळू म्हणाल्या. “आणखी एक आहे. तुमच्या लघवीतून प्रोटीन जातंय. साखरेने आणि बीपीने तुमच्या स्वतःच्या किडन्यांना इजा व्हायला लागली आहे. तुमची किडनी मी घेऊ शकत नाही. एक काढली आणि दुसरी अशी राहिली, तर काही वर्षांनी शेजारच्या मशीनवर तुम्ही असाल.”

“दोन आठवडे मी काही खाल्लेलं नाही हो,” ते म्हणाले. “साखर नाही, मीठ नाही. विचारा यांना.”

“मला माहीत आहे,” बाई म्हणाल्या. “म्हणूनच त्या सकाळची साखर बरी आली.”

बाहेर आल्यावर ते बाकावर बसले. मी पाणी आणून दिलं. ते एका दमात प्यायले आणि बाटलीकडे बघत राहिले. ती तहान कसली होती ते त्यांनाही तेव्हाच कळलं असावं. मला त्यांचा राग आला, मनापासून आला, आणि त्याहून जास्त आमच्या सगळ्यांचा. त्या ढालीचा तर इतका की ती समोर असती तर मी चौथ्या मजल्यावरून खाली फेकली असती, पण काचा उघडत नाहीत.

ताईला सांगायचं काम त्यांनी माझ्यावर ढकललं नाही, एवढं मी त्यांच्या बाजूने मांडते. ती मशीनला जोडलेली होती. दंडातून नळ्या निघालेल्या, पायांवर पांघरूण. ते कडेच्या स्टुलावर बसले आणि जसं डॉक्टरबाई बोलल्या तसं, एकही शब्द मऊ न करता सांगून मोकळे झाले.

मशीनचा आवाज चालू होता. ती म्हणाली, “दरवर्षी मला आणून दाखवायचास ते काय होतं?”

“ते खरं होतं गं.”

“खरं?”

“त्या दिवशी ते खरंच होतं.”

तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. “दादा, मला त्या दिवशीची किडनी नको होती,” ती म्हणाली. “मला तू म्हणालास म्हणून मी निवांत होते. एवढी वर्षं. मी तुला कधी म्हटलं का, हे खाऊ नकोस, ते खाऊ नकोस? कागद बघायचे आणि गप्प बसायचे. मला माहीत असतं तर मी तुझा जीव खाल्ला असता रे रोज.”

त्यांनी तिच्या पावलांवरून सरकलेलं पांघरूण नीट केलं. तिने पाय आखडून घेतले.

पुढच्या वेळी मी कपडे घ्यायला गेले तेव्हा ताईने कपड्यांसोबत एक पिशवी दिली. आत सुयांच्या डब्याखालचे ते सगळे कागद. “हे त्याला देऊन टाका,” म्हणाली. मी दिले. साहेबांनी पिशवी उघडून पाहिली, परत बंद केली आणि खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. तिथे आता दुसरं काही नव्हतं.

त्यानंतर माणूस हळूहळू बदलला. असं नाही की एका सकाळी उठून पळायला लागले. औषधं सुरू झाली. ती घ्यायला विसरायचे, मग मी ओरडायची. प्रिंटरपर्यंत स्वतः जायला लागले. आधी कुरकुरत, मग सवयीने. जेवायला खाली, झाडाच्या पारावर. मलाही ओढून न्यायचे. एकदा चोरून केकचा तुकडा खाताना मी पकडलं, तर लहान मुलासारखे रागावले आणि दोन दिवस बोलले नाहीत. संध्याकाळी चालत हॉस्पिटलला, ताईच्या मशीनपाशी. ती पहिल्या पहिल्यांदा डोळे मिटून पडून राहायची. ते स्टुलावर बसून राहायचे आणि वेळ झाली की चालत घरी जायचे. एक दिवस तिने डोळे न उघडताच विचारलं, “आज काय खाल्लंस?” त्यांनी सांगितलं. मग ती रोज विचारायला लागली आणि सुनावायलाही लागली. जीव खायचा राहिला होता तो तिने खाऊन घेतला.

वर्ष फिरलं आणि ऑफिसची तपासणी आली. सेक्शन वाट बघत होतं, बंदी कधी जाहीर होते. साहेब उठून उभे राहिले. “या वर्षी काही सोडायचं नाही. रोज जे खाता ते खा, जसे येता तसे या. आणि तीन महिन्यांची साखर, लघवीतलं प्रोटीन, हे दोन्ही मी एचआरबाईंकडून यादीत घालून घेतलंय.” एकदम गलका झाला. कॅशियर म्हणाला, “साहेब, ढाल जाईल!” साहेब म्हणाले, “जाऊ दे.” लोक खरोखर चिडले. त्यांच्या दुःखाबद्दल सगळ्यांना वाईट वाटत होतं, पण त्यापायी आपल्या रिपोर्टवर शेरा का यावा, असा तो राग. तो मला समजत होता आणि सहनही होत नव्हता.

शेरे आले. असे आले की ढाल स्टोअरवाल्यांकडे गेली. अर्ध्या सेक्शनला कुठे साखर, कुठे बीपी. माझ्यापुढेही एक आला, काठावरचा. कॅशियरचं बीपी बघून त्याला तिथूनच दवाखान्यात धाडलं. तिथे त्याला सांगितलं की वेळेवर आलात. तो परत आला आणि साहेबांशी काही न बोलता त्यांच्या टेबलावर आपलं सिगारेटचं पाकीट ठेवून गेला.

इकडे ताईचं मात्र खालावत होतं. नळी लावायला शिरा मिळेनात. मेलेल्या माणसाची किडनी मिळावी म्हणून नाव घातलं होतं, पण त्या रांगेत पुढे सरकणं आपल्या हातात नसतं. मुलगी आणि नवरा, आता मुलीचीच किडनी घे म्हणून, तिच्या मागे लागले. आधी भांडून, मग रडून, मग तिच्याशी बोलणं टाकून. शेवटी एका संध्याकाळी तिने मान हलवली. मला फोनवर म्हणाली, “ताई, मी हरले हो.”

भाचीच्या तपासणीची तारीख ठरली तशी ती आमच्या सेक्शनमध्ये आली. आता वेण्या नव्हत्या, गळ्यात तिच्या ऑफिसचं ओळखपत्र. तीही दिवसभर कानाला हेडफोन लावून खुर्चीत बसण्याचंच काम करत होती. साहेबांच्या टेबलापुढे खुर्ची ओढून म्हणाली, “मामा, तू यातला मास्तर. सांग ना, तपासणीच्या आधी काय काय सोडू? गोड बंद करू? जिने चढू? मला पास व्हायचंय.”

सेक्शनमध्ये की-बोर्डचा आवाज थांबला. सगळे खाली बघत होते.

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. म्हणाले, “काही सोडू नकोस.”

“काहीच नाही?”

“काही नाही. आहेस तशी जा.”

“आणि काही निघालं तर? मग आईचं?”

“काही निघालं तर तुझी तुला राहील,” ते म्हणाले. “आईचं आम्ही बघू. पण तू खोटी पास होऊ नकोस. मला कबूल कर.”

तिने कबूल केलं. ते तिला सोडायला जिन्याने खाली गेले, तिचा हात धरून, जणू ती अजून केक खायला आलेली मुलगी आहे.

रिपोर्ट आला तो दिवस मला आठवतो, कारण साहेब उशिरा आले, आणि ते कधी उशिरा येत नसत. सगळे उभे राहिलो. ते आपल्या खुर्चीपाशी आले, पण बसले नाहीत, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

“काय झालं, साहेब?” मी विचारलं.

“पास झाली,” ते म्हणाले. “सगळं चांगलं आहे तिचं. तीन महिन्यांची साखरसुद्धा. पुढच्या महिन्यात ऑपरेशन.”

कुणीतरी टाळी वाजवली, एकच, आणि लगेच थांबवली. साहेब रडत होते. एवढ्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, डॉक्टरबाईंच्या खोलीतही नाही. मी त्यांच्याजवळ गेले आणि म्हटलं, “अहो, चांगली बातमी आहे ना. ताई वाचतील.”

“वाचेल,” ते म्हणाले. त्यांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले, पण ते पुन्हा भरले. “पोर ऑफिसात बसून बसून बिघडली नसेल ना, म्हणून रात्रंदिवस घाबरलो होतो. आणि आज पास झाली तर वाटलं, नापास झाली असती तर बरं झालं असतं. तिला कापणार, मॅडम. एवढीशी ती.” मग एका हाताने त्यांनी आपल्या कमरेची बाजू धरली, पाठीमागून, जिथे किडनी असते तिथे, आणि म्हणाले, “माझी जायची होती हो.”